तिच्या नावाचे तांदूळ

मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर बसते. परीक्षा संपल्या की मुंबई-पुण्याची माणसं पोरंबाळं घेऊन वर येतात, आणि खोलीचा भाव ऐकून त्यांचे चेहरे कसे पडतात ते मी रोज बघते. कुणी घासाघीस करतं, कुणी एकाच खोलीत सगळ्यांना कोंबायचं बघतं. मला त्यांचा राग येत नाही. सुट्टीत चार पैसे वाचावेत असं कुणाला वाटत नाही?

आमचं घर तिथून जवळच, कुसगावात. खाली आम्ही मायलेकी राहतो, वर गच्चीला लागून एक खोली आहे. शेजाऱ्यांनी असल्या खोल्या रंगवून पर्यटकांना द्यायला काढल्या. आमची मात्र सीझनमध्ये रिकामी. मी विषय काढला की आई म्हणायची, "खोली दिली तर लेक कुटं ऱ्हाईल?"

लेक म्हणजे मी नव्हे. माझी होस्टेलवरची मैत्रीण. तिचे वडील आधीच गेलेले, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आईही गेली. तेव्हा माझी आई पुण्याला येऊन तिला घरी घेऊन गेली आणि म्हणाली, आता माहेरपणाला हितंच यायचं. आमच्या घरात पाणी पिण्याआधी जिची नजर भिंतीवरच्या तसबिरींवर अडखळली नाही, अशी ती माझी पहिली मैत्रीण. आई हे कधी बोलली नाही, पण तिच्या लक्षात होतं. माझ्याही.

लग्न होऊन ती ठाण्याला गेली. मग दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आसपास नवऱ्याला आणि मुलीला घेऊन यायची. आली की पिशवी टाकून थेट स्वयंपाकघरात. दुरडीतली शिळी भाकरी ठेच्याबरोबर उभ्यानेच खायची, वर आईची बोलणी खायची, मग तिच्याशेजारी तांदूळ निवडत बसायची. निघताना आई तिला साडी द्यायची आणि टाकव्याच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यातला इंद्रायणी तांदूळ, पिशवीचं तोंड जुन्या लुगड्याच्या काठाने बांधून.

यंदा ती येण्याच्या आठवडाभर आधी हॉटेलातल्या एका सहकाऱ्याने मला व्हिडिओ पाठवला. खाली विचारलं होतं, हे तुमचंच घर ना? आमचंच होतं, गेल्या वर्षी ती आली तेव्हा टिपलेलं. मागचं आंगण, चूल, आणि चुलीपुढे पदर सावरून हसणारी आई. मग ठाण्याच्या घरात बसलेली ती, सुट्टीत पैसे कसे वाचवायचे ते जगाला सांगत होती.

"लोणावळ्याला सीझनमध्ये हॉटेल घेऊच नका. कुणीतरी ओळखीचं शोधा. आमचे तिथे ओळखीचे लोक आहेत. मावशी एकदम साध्या आहेत, मिठाईचा एक बॉक्स नेला की खूश. निघताना वर तांदूळ देतात ते वेगळे."

आणि ती हसली. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. आमच्या घराला वासे नाहीत, स्लॅब आहे, म्हणून तिने चूल मोजली. घरात जिला ती आई म्हणायची, तिची व्हिडिओत मावशी झाली होती.

आईला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण संध्याकाळी पुन्हा लावून बघत होते तेव्हा तिचा आवाज आतपर्यंत गेला. आई ओले हात पदराला पुसत लगबगीने आली. "तिचा फोन आलाय व्हय?" मला बंद करायला सुचलं नाही. आईने उभ्यानेच सगळं पाहिलं. "परत लाव," म्हणाली. मी लावला. मग ती आत गेली आणि भाजी परतू लागली.

"तिला फोन करून विचारते," मी म्हणाले.

"कायबी इचारू नगं. येऊ दे."

ती आली त्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसली होती. ओसरीवर खुर्ची मांडली होती. मैत्रीण पिशवी टाकून आत निघाली तर आई दारातच उभी. "बसा तुमी. हितं आणून देते." कपाटातल्या कपबशा निघाल्या, त्या मुलगी बघायला येणाऱ्यांसाठी असतात. पुऱ्या, बासुंदी, भजी झाली. जेवल्यावर मैत्रीण ताट उचलायला गेली तर आईने ते तिच्या हातातून घेतलं. दुरडीतली भाकरी आम्ही दोघींनी मागच्या दारी खाल्ली.

पाहुण्यांशी कसं वागायचं याचं मला हॉटेलात ट्रेनिंग मिळालंय. आईकडून त्यात काहीच कमी पडलं नाही. आणि ती बया खूश. ताटाचे फोटो काढले, मला म्हणाली, "यंदा आई किती करतायत गं माझं." आईने एकदा तोंड उघडावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. आई तिला आणखी एक पुरी वाढत होती.

निघायच्या दिवशी आईने तिच्या हातात मिठाईचा बॉक्स दिला. आदल्या दिवशी मलाच आणायला लावला होता. साडी नाही, पिशवी नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि लाडात विचारलं, "आई, यंदा तांदूळ नाहीत?"

"तांदूळ लेकीला देत्यात," आई म्हणाली. "पाहुण्याला मिठाई."

तिचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी नजर हलवली नाही. बाहेर नवऱ्याने हॉर्न दिला. ती बॉक्स घेऊन गेली, आणि पहिल्यांदाच आमच्या दारातून 'येते' न म्हणता गेली.

मला बरं वाटायला हवं होतं. संध्याकाळी भात टाकायला डबा उघडला तर तळाला गेलेला. कोपऱ्यात ती पिशवी होती, केव्हाचीच भरून काठाने बांधलेली. मी गाठ सोडायला वाकले.

"त्यातलं नगं घेऊ," आई मागून म्हणाली.

"का? आता कोण नेणार आहे?"

"तिच्या नावानं काढल्यात."

मग ती चुलीपाशी जाऊन बसली. "ओळखीचे लोक म्हनली गं आपल्याला," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मी चप्पल घातली आणि दुकानातून तांदूळ आणले.