कार्डाला कुंकू

माझ्या वडलांना, म्हणजे तात्यांना, फोटोत हसताना कुणी पाहिलं नव्हतं. पुढचा एक दात बैलाच्या शिंगानं गेलेला, म्हणून कॅमेरा दिसला की ओठ घट्ट मिटायचे. घरात त्यांचे दोनच फोटो, दोन्हींत चेहरा चौकीत नेऊन बसवल्यासारखा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दादाला, माझ्या मोठ्या भावाला, पुण्यातल्या कंपनीनं काही महिने अमेरिकेला धाडलं होतं. तिथनं तो डिजिटल कॅमेरा घेऊन गावी, कोल्हारला आला.

"ह्यात रीळ कुठंय?" तात्यांनी विचारलं.

दादानं झाकण उघडून मेमरी कार्ड दाखवलं. पोस्टाच्या तिकिटाहून जरा मोठं, काळं, पातळ, एका अंगाला सोनेरी पत्रा. फोटो ह्याच्यावर उमटतो, म्हणाला.

"रीळ न्हाई, धुवायचं न्हाई, आन् फोटो निघतोय? बापाला येड्यात काढतो व्हय रं!" तात्या बशीतला चहा सांडेपर्यंत हसले. दादानं तेवढ्यात बटण दाबलं. मागच्या चिमुकल्या पडद्यावर तात्या दिसले, पडक्या दातासकट!

"अगं बया, किती ग्वाड दिसत्यात!" आई तोंडाला पदर लावून म्हणाली. तात्या लाजून गोठ्याकडं निघून गेले.

श्रावणात तात्या वारले. सकाळी उसाला पाणी द्यायला गेले, बांधावर टेकले ते टेकलेच. जन्मभर हा माणूस उंबऱ्यात थांबून "येतो गं" म्हटल्याशिवाय घराबाहेर पडला नाही, आणि आतून आईचं "या लवकर" ऐकल्याशिवाय त्यानं चप्पल घातली नाही. त्या सकाळी आई धार काढत होती, ते तसेच गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आई तेवढंच सांगायची, "सांगून तरी जायचं हुतं." ऐकून ऐकून माझा जीव तुटायचा.

दिवसपाणी उरकल्यावर दादा पुण्याला निघाला. हसरा फोटो अजून त्या कार्डातच होता, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा राहूनच गेलेला. दादा म्हणाला, नेतो आणि कागदावर काढून आणतो. आईनं हात पुढं केला.

"ह्यातच हायेत ना ते? मग न्हाई न्यायचं."

"आई, कॅमेऱ्याशिवाय ह्यात काही दिसत नाही गं."

"मला बघायचं न्हाई. घरात असू दे."

मी तापटच. म्हटलं, "अगं, हे बिघडलं तर दुसरा फोटो नाही! कळतंय का तुला?" आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कार्ड देव्हाऱ्यातल्या डबीत गेलं, आणि दादा रिकामा कॅमेरा घेऊन गेला.

मग आली खंडेनवमी. त्या वर्षी घरात सण नव्हता, पण अवजारांना कसलं सुतक, आई म्हणाली. दरवर्षी तात्या करायचे तशी तिनं पूजा मांडली. कोयता, खुरपी, पाण्याचं फावडं, आणि मधोमध पाटावर कार्ड! मी पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. सोनेरी अंग म्हणजे कपाळच असणार, असं धरून तिनं बरोबर त्या पत्र्यावर ओलं हळदकुंकू लावलं होतं, वर अक्षता. स्वतःच्या कपाळाला लावायचं बंद झालेलं कुंकू ते. मी ओरडायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले.

दिवाळीत दादा आला. कार्ड घातलं तर पडद्यावर नुसतं चूक झाल्याचं इंग्रजी. काढलं, पुसलं, घातलं. पुन्हा तेच.

"काय म्हनतंय?" आईनं विचारलं. दादानं कार्ड पुन्हा बाहेर काढून हातात घेतलं. तिला सगळं कळलं. "मीच घालवलं व्हय रं त्यांना?" म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली.

मी पळत जाऊन मेडिकलमधनं स्पिरिट आणलं. दादानं कापसाच्या बोळ्यानं पत्रा हळूहळू पुसला. आधी लाल निघालं, मग पिवळं, खाचेत अडकलेली हळद निघता निघेना. वाळू दिलं, फुंकर मारली आणि त्यानं कार्ड परत आत सरकवलं.

तात्या हसत होते. बशी कलंडलेली, दात पडलेला, सगळं जसंच्या तसं. आम्ही तिघंही मोठ्यानं रडलो.

निघताना दादानं कार्ड मागितलं नाही, धीरच झाला नाही त्याला. आईनंच ते कॅमेऱ्यातून काढायला लावलं, तात्यांच्या धुतलेल्या रुमालात गुंडाळलं आणि उंबऱ्याशी येऊन त्याच्या हातावर ठेवलं. पण बोलली ती रुमालाशी.

"अहो, जाऊन या. लवकर या."

दादा उंबऱ्यातच थांबला. तात्यांसारखा भारदस्त आवाज काही त्याचा नाही, तरी म्हणाला, "येतो गं."

मग आई आत वळली.