ताईला गाठताना

ताई गेल्यावर भेटायला येणारे तिच्या पळण्याचेच गोडवे गात. तिचा धाकटा भाऊ शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांना मात्र ते ऐकताना हसू आवरत नसे.

"अहो, घरात तिच्याइतकं संथ माणूस दुसरं नव्हतं," मशीनवरून मान वर करून ते सांगत. "अंघोळीला शिरली की बाहेर रांग लागायची. आईचा हाका मारून घसा बसायचा. पण पायात बूट चढले, की वारं प्यालेलं वासरू!"

लांब पल्ल्याच्या शर्यतीत ताई भल्याभल्यांना पाणी पाजायची, आणि ताईला पाणी पाजायचे मास्तर. ठरलेल्या कोपऱ्यावर बाटली घेऊन उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम.

अजिंक्यपदाच्या शर्यतीतही ते असेच उभे होते, गळ्यात टेप तशीच लटकलेली. वाट दाखवणारा मोटारसायकलवाला पुढे, त्याच्या मागे ताई, बाकीच्या पार लांब. आणि चौकात त्या गृहस्थाने गाडी वळवली ती भलतीकडेच! ताईही वळली.

"ताई! अगं, तिकडे कुठे?" मास्तर बोंबलले.

भाऊ हुरूप देतोय असं वाटून ताईने हसून हात हलवला आणि वेग वाढवला.

आता तिला गाठणार कोण? मास्तरांचं पोट त्यांच्या चार पावलं पुढे चालणारं. तरी त्यांनी बाटली टाकली, चपला हातात घेतल्या आणि धोब्याच्या आवारातून आडवाटेने धूम ठोकली. वाळत घातलेल्या चादरींमधून ते पलीकडे निघाले, ते एक ओली चादर अंगावर घेऊनच. समोर पेट्रोल पंप, आणि ताई येतेय.

"बाटली कुठंय?" ताईने विचारलं.

"बाटली गेली खड्ड्यात! रस्ता चुकलीस तू!"

"मग आधी ओरडता येत नव्हतं?"

"घसा फाटेस्तोवर ओरडलो! तू हात काय हलवतेस?"

मोटारसायकलवाला टाकीचं झाकण उघडून उभा होता. "दोन मिनिटं हं ताई, भरलं की निघूच."

ताई गर्रकन वळली. तोवर बाकीच्या सरळ रस्त्याने पुढे सटकल्या होत्या. एकेकीला मागे टाकत ताईने सगळ्यांत पुढे असलेलीला अगदी दोरीजवळ गाठलं आणि छाती पुढे काढून जिंकली.

मास्तरांनी ते पाहिलंच नाही. ते पंपावरच्या बाकावर आडवे होते आणि पंपवाली बाई त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत होती.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. गळ्यातलं पदक पाठीवर टाकून ताई खाली बसली होती. मांडीवर भावाचे पाय घेऊन तेल चोळत होती.

"आई गं, हळू!"

"एवढंसं तर पळलास."

"एवढंसं? तुझ्या आधी पोचलो होतो मी!"

ताईने जरा विचार केला. "हो रे, पोचलास खरा," ती म्हणाली आणि दुसरा पाय ओढून घेतला.