भिकनचं एकुलतं इंजिन

देवळाली कॅम्पाकडच्या बाजूला आमची शेड. मी तिथे स्टोअरचा कारकून. शेडमधली विजेची इंजिनं सगळी एका साच्यातली, एकच तेवढं वेगळं. कारखान्यानं ते नमुना म्हणून बनवलं, पसंत पडलं नाही म्हणून तसं दुसरं बनवलं नाही. ते आमच्या गळ्यात पडलं आणि आम्ही ते भिकन फिटरच्या गळ्यात घातलं. त्याचा एकही पार्ट माझ्याकडे नसायचा. भिकन मागायला यायचा, मी नाही म्हणायचो, मग तो कानस घेऊन स्वतःच घासत बसायचा. बहात्तर सालापासून असं चाललं होतं. इंजिन मनमाडपर्यंत मालगाड्या ओढायचं, बिचारं तक्रार करत नव्हतं.

खंडेनवमीला प्रत्येक जण आपल्या इंजिनाला कुंकू लावायचा, नारळ फोडायचा. भिकन बौद्ध. तो लावत नसे आणि कोणाला लावूही देत नसे. शेजारच्या इंजिनाचा फिटर मल्हारी यावरून दरवर्षी त्याच्याशी भांडायचा.

चौऱ्याऐंशीत जुनी इंजिनं भंगारात निघाली. त्यात दोघांचीही होती. भिकनचं जपून ठेवावं असं साहेबांनी वर कळवलं होतं, पण हुकूम आला नव्हता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सिन्नरहून पुंजाराम मुकादम गॅस कटर घेऊन हजर झाला. त्याच्या माणसांचा रिवाज असा, की खंडेनवमीचं कुंकू असलेल्या मशीनला कोजागिरीपर्यंत हात लावायचा नाही. अख्ख्या रांगेत बिनकुंकवाचं एकच होतं.

साहेब रजेवर. मी मुकादमाला हुकूम येईपर्यंत थांबायला सांगितलं. तो म्हणाला, माणसं आणलीत, रिकामा परत जाणार नाही.

मल्हारी कुंकवाची पुडी घेऊन आला. भिकननं त्याचा हात धरला.

"नको. वाचवायसाठी खोटं लावू नको."

त्याचे डोळे भरले होते. मला त्याचा भयंकर राग आला, आणि अभिमानही वाटला.

मल्हारीनं पुडी खिशात घातली. मग भिकनच्या खांद्यावरचं फडकं त्यानं ओढून घेतलं, आपल्या इंजिनाशी गेला आणि परवाचं कुंकू पुसून काढलं.

"मुकादम, हे घ्या आधी," तो म्हणाला. "असली लय हायेत. त्याचं एकच हाय."

दिवसभर गॅस चालला. भिकन मल्हारीच्या शेजारी उभा होता. हुकूम त्याच आठवड्यात आला, मल्हारीचं इंजिन पुरतं कापून व्हायच्या आत.

ते इंजिन आता गेटजवळ रंगवून उभं केलंय. कोणी विचारलं, हे कोणाचं, तर भिकन सांगतो, मल्हारीचं.