हसनचाचांचं बोट

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. दुसऱ्या माणसाबद्दल लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, ठाऊक नाही. चुकलं तर माफ करा. पण हसनचाचांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

रत्नागिरीत मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. शनिवारी सायबर कॅफेतून परतलो की पायरीवर पाय ठेवायच्या आत प्रश्न यायचा, "गावला काय रे?"

"नाय, चाचा."

"मग जा, जेवून घे."

सापडायचा होता तो माणूस आफ्रिकेतल्या रवांडाचा. चाचा तिथं कापडदुकानात नोकरीला होते. तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाली तेव्हा तिथला एक पुढारी हत्यारबंद माणसं घेऊन दुकानात आला. एरवी तो तिथंच बसून चहा प्यायचा. त्यानं चाचांसोबत काम करणाऱ्या एमानुएलकडे बोट दाखवलं. पुढचं चाचा कधी सांगत नसत. "बोट दाखवलान, आणि माझ्याकडे बघून हसलान," एवढंच.

पुढारी पळाला आणि नाव बदलून परदेशात लपला. रवांडातल्या कत्तलीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे तपास अधिकारी अशा फरारींच्या मागावर होते. त्यांतले दोघे मुंबईला आले तेव्हा गावी परतलेल्या चाचांनी जबानी दिली. "पकडला की ओळख पटवायला बोलावू," असं सांगून ते गेले. तेव्हापासून चाचांचा कोट खिळ्यावर तयार असायचा.

"नवरदेव कोट घेऊन बसलाय, वरात काय येत नाय!" चाची म्हणायच्या.

"येईल गो. मला एकदाच बोट दाखवायचंय. त्याच्या खऱ्या नावानं."

न्यायालयाच्या संकेतस्थळावर फरारींचे फोटो असत; दर शनिवारी मी तेच बघून यायचो. मधूनच एखाद्याखाली 'अटक' असं यायचं. आपला नसला तरी चाचा खूश व्हायचे. आपल्या माणसाचा फोटो जुना होता, म्हणून दर ईदला ते त्याला मनातल्या मनात म्हातारा करायचे. "यंदा केस पिकले असतील. गाल बसले असतील."

तोवर त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते मशिदीकडे निघून जायचे. माझ्या दुसऱ्या वर्षी एकदा बाजारात मी समोर असताना माझ्या शेजारच्या माणसाला त्यांनी माझं नाव घेऊन हाक मारली. तो हसला. चाचा हसले नाहीत. घरी येऊन म्हणाले, "कोर्टात मी भलत्याकडेच बोट दाखवलं तर? मग माझ्यात नि त्याच्यात फरक काय?" त्याच आठवड्यात त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर चाची समोर उभ्या होत्या, तरी त्यांनी आधी मागितला तो त्या माणसाचा फोटो. चाची दोन दिवस बोलल्या नाहीत.

माझ्या शेवटच्या वर्षी त्या फोटोखाली नवा शब्द आला. 'मृत'. रवांडाच्या शेजारच्या देशात, भाड्याच्या घरात, आजारानं. खोट्या नावानंच पुरला होता. थडगं उकरून ओळख पटवली, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती.

"गावला काय रे?"

मी जे वाचलं ते सगळं सांगितलं.

"घरची माणसं होती जवळ?"

"बायको होती म्हणे."

"आणि थडग्यावर?"

"दुसरंच नाव, चाचा."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी डोळे करून घेतले," ते म्हणाले, "तेव्हा तो मातीत होता."