कोरड्या नळाखाली भरणारा हंडा

मंडळी, आधीच सांगतो. आमच्या छावणी भागात थापा मारण्यात माझा हात धरणारा अजून जन्मला नाही. आमच्या विहिरीतला मासा मी सांगतो तेव्हा दर वेळी हातभर वाढतो. भुताखेतांच्या गोष्टी तर मी स्वतः तयार करून पोरांना घाबरवलंय, त्यामुळं दुसऱ्याच्या भुतावर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. पण खाली लिहितोय त्यात माझं एक अक्षरही वाढीव नाही... बायकोला विचारा. म्हणजे नकाच विचारू. का, ते शेवटी कळेल.

माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. मेव्हणा सिद्धार्थ मात्र आभाळातला माणूस! लांब कुठंतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, त्याची लहर पृथ्वीवरून जाते, यंत्रं ती पकडतात आणि याच्या फोनवर अलर्ट येतो. पण नेमकं कुठून आली ते कळत नाही. आभाळाचा मराठवाड्याएवढा तुकडा दाखवतात, त्यात हजारो दीर्घिका — म्हणजे ताऱ्यांची गावंच. धडकेचा उजेड पडलाच तर लवकर विझतो. म्हणून दुर्बिणीनं आधी कुठल्या गावाचं दार वाजवायचं, त्याचे नंबर लावायचे. जवळ किती, मोठी किती, तुकड्याच्या मध्यात आहे का कडेला. हे काम सिद्धूचं. त्यावरच त्याची नोकरी टिकून होती.

एकदा त्यानं त्या लहरीचा आवाज करून ऐकवला. खालून वर चढत जाणारा... हुऽऽप! मी म्हणालो, "हात्तिच्या! हा तर हंडा भरत आल्याचा आवाज."

सासूबाई — मी त्यांना मामी म्हणायचो — सिद्धूच्याच घरी खाटेवर पडून होत्या. हृदय थकलेलं. ते ऐकून म्हणाल्या, "मला तर हा कधीकधी ऐकू येतो, जावईबापू. नळाला पाणी नसलं तरी."

आम्ही हसलो. आमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

पण नंतर तसंच घडायला लागलं. मामी म्हणायच्या, "आरं, हंडा कुणी लावला?" आणि चहा निवायच्या आत सिद्धूचा फोन वाजायचा. मी मोरीतला नळ खोलला, व्हॉल्व्ह तपासला, पाइपात हवा अडकलीय का पाहिलं. काही नाही. ठणठणीत कोरडा.

सिद्धू हुशार. तो विचारायला लागला, "आई, जवळचा का लांबचा?" अलर्टमधला अंतराचा अंदाज ढोबळच असतो. मामी "लई लांबचा" म्हणाल्या की हा लांबच्या दीर्घिका वर घ्यायचा. एकदा यानं वर घेतलेल्याच दीर्घिकेत उजेड सापडला. टीममध्ये पोराचा भाव असा वधारला की विचारू नका! कुणाच्या कानांच्या जोरावर, ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मग ती दुपार. मी मामींचा डबा द्यायला गेलो होतो. मामी एकदम उठून बसल्या.

"सिद्धू, नळ बंद कर."

"जवळ का लांब, आई?"

"इथंच हाय. घरात."

सिद्धूनं लॅपटॉप ओढला. डोळे असे चमकले त्याचे... मामींच्या कपाळावर घाम होता, ओठ निळे पडत होते. मी ओरडलो, "सिद्धू, गाडी काढतो, दवाखान्यात चल!"

"पाचच मिनिटं, दाजी. इतका जवळचा आयुष्यात एकदाच येतो. अलर्ट आला की निघू." जवळच्या दीर्घिका तो पटापट वर घेत होता.

तेव्हा मीही ऐकला. खाटेखालून. गळ्यापर्यंत चढत आलेला हंडा. वाकून पाहिलं, तर मामींच्या चपला.

"सांडंल रे..." मामी म्हणाल्या.

आवाज थांबला. मी मामींना उचललं तेव्हा त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. सिद्धू फोनकडं बघत होता. अलर्ट आला नाही. कधीच नाही. त्या दिवशी कुठल्याच यंत्रात काही नोंदलं गेलं नव्हतं, हे तोच मला नंतर म्हणाला, भिंतीकडं बघत.

मला वाटलं, संपलं.

परवा बायको भाजी निवडत होती. मध्येच तिनं मान वर केली. "अहो, मोरीत हंडा लावलाय का तुम्ही?"

नळाचा दिवस नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "जवळ का लांब?"

"लांब वाटतोय. का?"

माझा फोन वाजला. सिद्धू. ना नमस्कार, ना चौकशी. "दाजी, अलर्ट आलाय. ताईला काही ऐकू आलं का?"

"नाय रे," मी म्हणालो. "ती झोपलीय."

जन्मभर थापा मारल्या, पण मारताना तोंडाला कोरड पडली ती ही एकच.

हे काय आहे, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा. तोवर घरातले सगळे हंडे मी पालथे घालून ठेवलेत. बायको विचारते, कशासाठी. मी म्हणतो, झुरळं होतात.