गल्लीकडची खिडकी

बैठकभर सुधाकाकूंनी काकांचा हात सोडला नव्हता. विस्मरण जडलेल्या माणसांसाठी आम्ही कॉलनीत दिवसभराचं केंद्र काढणार होतो, म्हणून घरच्यांना बोलावलं होतं. काकांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून काकू त्यांना सोबत घेऊन आल्या होत्या. कुलपं, जाळ्या, उंच फाटक अशी चर्चा चालली होती. कोणीतरी म्हणालं, "खिडक्या बंदच ठेवू."

काकू हळूच म्हणाल्या, "अहो, यांनाही विचारा ना."

आम्ही काकांकडे वळलो. काका बराच वेळ काकूंकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही जाताना दिसली पाहिजे."

म्हणून केंद्राची गल्लीकडची खिडकी मोठी केली. रोज सकाळी काकांना सोडून जाताना काकू गल्लीतून वळून हात हलवतात, आतून काकाही हलवतात. कुणाची सोय करायला निघालो, की भिंती कुठे घालायच्या ते आपल्याला कळतं. पण त्याचा जीव कुठे अडकलाय, ते त्यालाच विचारावं लागतं.

काल हात हलवता हलवता काकांनी मला विचारलं, "कोण हो त्या बाई?"

मी सांगणार, तोच ते हसले. "असू दे. माझ्याच कुणीतरी आहेत," म्हणाले, आणि काकू दिसेनाशा होईपर्यंत हात हलवत राहिले.