मेक्सिकन तांबडा-पांढरा

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजानेच देते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहायची वेळ आली ती वाण्याच्या यादीपुरती. मुलीच्या कॉलेजच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. ओळी उतरणीला लागतात, शब्द एकमेकांना टेकतात. पण तोंडाने बोलणं मला याहून अवघड जातं. रिक्षावाला चुकीच्या गल्लीत वळला तरी मी गप्प बसते आणि तिथेच उतरून चालत घरी येते.

आमची दहा जणींची भिशी आहे. महिन्याला प्रत्येकी हजार, आणि जिची चिठ्ठी निघेल तिला दहा हजार. त्या रविवारी सकाळी माझी चिठ्ठी निघाली. पैसे कशाला लागणार हे आधीच ठरलं होतं. मी घरी बसून पैंजणांना घुंगरू लावते. हुपरीहून चांदीचा माल येतो, जोडीमागे मजुरी मिळते. पण आता डोळे दगा देतात. एक कडी लावायला तीनदा चिमटा मारावा लागतो. मागच्या गल्लीतला शिंपी त्याची पिको-फॉलची मशीन साडेनऊ हजारांना काढत होता. ती घेतली की घुंगरांमधून माझी सुटका होती. शिंपी म्हणाला होता, "काकी, इचलकरंजीचं गिऱ्हाईक रोज फोन करतंय. पुढच्या रविवारपतोर तुमच्यासाठी थांबतो. त्येच्यापुढं न्हाय."

म्हणजे मी त्या दिवशी दहा हजार पर्समध्ये घालून सरळ घरी यायला हवं होतं.

पण भिशी ज्यांच्या घरी होती त्या वहिनींनी आम्हा तिघींना थांबवून घेतलं. वहिनींचे मिस्टर साखर कारखान्याच्या ऑफिसात आहेत. त्यामुळे कारखाना या बाईच चालवतात असं त्यांच्याशी बोलताना वाटतं. त्यांच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली होती. "आज माझ्याकडून पार्टी," वहिनी म्हणाल्या. "मेक्सिकन. पुण्यात सगळी तेच खातेत."

आमच्यातली एक डेअरीवाली आहे. आवाज असा की रस्त्यापलीकडचं माणूस वळून बघतं. ती म्हणाली, "मटणाला जाऊया की."

"मटण रोजचंच हाय. जरा जगाबरोबर चला."

चौथी पार्लरवाली. तिने तोवर फोन काढून ओठ रंगवायला घेतले होते.

हॉटेलच्या दारात रविवारची गर्दी होती. नाव लिहून द्यायचं आणि फुटपाथवर उभं राहायचं, असं अर्धा तास. आपल्याच पैशांनी जेवायला आलेली माणसं रेशनच्या रांगेत असल्यासारखी उभी होती आणि त्यात खूश होती. आत भिंतींवर निवडुंगाची चित्रं. आमच्या माळावर निवडुंग फुकट उगवतो, त्याचं कुणी चित्र काढत नाही. वेटर पन्नाशीचा होता, कागलकडचा. भाकरीच्या बुट्टीएवढी टोपी त्याच्या डोक्यावर होती आणि ती दर दोन मिनिटांनी डोळ्यांवर यायची.

"काय आणू, वैनी?"

"मेक्सिकन आणा," वहिनी म्हणाल्या.

"सगळं त्येच हाय."

मग पार्लरवालीने मेनूतली चित्रं बघून बोटं ठेवली. मेनू इंग्रजीत होता. मी अक्षरं सोडून दिली आणि आकडे वाचत बसले. आकडे मला येतात. एका कोपऱ्यात लहान वाटीचं चित्र होतं आणि तिच्याखाली सत्तर लिहिलं होतं.

जेवण आलं. टाको म्हणजे दुमडलेला कडक पापड, आत राजमा. डेअरीवाली तो उघडायला गेली तसे त्याचे तुकडे झाले. "घडी घालून भाजलाय," ती वेटरला म्हणाली. "सरळ भाजून आणा एक." बरिटो म्हणजे चपातीची गुंडाळी, चांदीच्या कागदात. मी रोज चांदी हाताळते. कागद चकाकला म्हणून आतल्या भाताला काही चव येत नाही, एवढं मला तिथल्या तिथे कळलं.

जेवणाबरोबर दोन वाट्या आल्या, एक लाल टोमॅटोची आणि एक पांढरी, दह्यासारखी. वेटरने त्यांची नावं सांगितली. वहिनींनी ती ऐकलीसुद्धा नाहीत. "हे बघा," त्या म्हणाल्या, "तांबडा आणि पांढरा. जगात कुठंबी जावा, आपलंच."

आणि त्यांनी तांबडी वाटी सरळ तोंडाला लावली.

कोल्हापुरात ताटासोबत रस्सा आला की तो वाटीने प्यायचा आणि वाटी पुढे करायची. वाढपी बादली घेऊन फिरत असतो. मागायला लाजायचं नसतं आणि त्याचे पैसे कधी कुणी लावत नाही. पोट भरेपर्यंत रस्सा हा आमच्याकडे हक्क आहे. वहिनींनी रिकामी वाटी वर धरली. वेटर जरा थबकला, मग म्हणाला, "अजून आणू?"

"विचारताय काय, पावणं?"

मग सुरू झालं. तांबडा आणा, पांढरा आणा. डेअरीवाली पांढऱ्याचा घोट घेऊन म्हणाली, "असलं आंबट आमच्या डेअरीत आलं तर किटलीसकट परत लावीन मी," आणि तिसरी वाटी मागितली. तिने पर्समधून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली आणि टेबलावरच्या सगळ्या मेक्सिकोवर भुरभुरली. मग ते खाण्यासारखं झालं. वेटर इकडेतिकडे बघून खाली वाकला आणि म्हणाला, "काकी, जरा हातावर." तिने त्याच्या तळहातावर चिमूट टाकली. त्याने ती चाटली आणि टोपी सरळ केली.

मला सत्तरचा आकडा दिसला होता. प्रत्येक वाटीला मला तो दिसत होता. सांगावं असं चार वेळा मनात आलं. पण चौथी शिकलेल्या बाईने इंग्रजी मेनू वाचून दाखवला तर सगळ्या हसल्या असत्या. शिवाय पार्टी माझी नव्हती. खरं सांगायचं तर मला आतून थोडी मजाही वाटत होती. पिऊ देत, म्हटलं. या वहीत खोटं लिहून काय करू.

पार्लरवालीने फोटो काढले. वहिनींनी रिकामी वाटीसुद्धा फोटोत धरली.

बिल आलं अठ्ठावीसशे साठ. त्यात सोळा वाट्या, सत्तर गुणिले सोळा. वहिनी उठून काउंटरवर गेल्या, मागून आम्ही.

"रश्श्याचं पैसं लावतेत का कुठं?" वहिनींनी मॅनेजरला विचारलं.

"मॅडम, तो रस्सा नाही. साल्सा आणि सावर क्रीम. एक्स्ट्राचा चार्ज मेनूत लिहिलाय."

"इंग्रजीत लिहिलाय. कोल्हापुरात हॉटेल काढायचं आणि वाटी मोजायची? लाज वाटत न्हाय?"

मागे रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, "आवरा, मावशी." वहिनींनी फोन पुढे केला. चाक फिरत राहिलं, पैसे गेले नाहीत. पुन्हा केला, पुन्हा चाक. डेअरीवालीकडे दोनशे रुपये होते आणि पार्लरवालीच्या फोनची बॅटरी फोटो काढून संपली होती. तिघींनी एकदम माझ्या पर्सकडे बघितलं. सकाळची चिठ्ठी कुणाची निघाली हे तिघींना पाठ होतं.

"दे गं," वहिनी म्हणाल्या. "घरी पोचायच्या आधी तुझ्या फोनवर टाकते."

मी दिले. पाचशेच्या सहा नोटा दिल्या, एकशे चाळीस परत आले. पर्समध्ये सात हजार एकशे चाळीस उरले.

मी घरी पोचले. फोन गप्प होता. संध्याकाळी वहिनींच्या स्टेटसला मात्र फोटो होते. खाली लिहिलं होतं, 'लेकाच्या नोकरीनिमित्त मैत्रिणींना माझ्याकडून मेजवानी.' मी कडेला अर्धी आले होते, खांदा आणि पर्स.

सोमवारी मी काही केलं नाही. मंगळवारी फोन केला. वहिनी म्हणाल्या, "अगं, सर्व्हर डाऊन हाय." मग भाजीचे भाव, मग मुलाच्या ऑफिसातला एसी. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. शिंप्याच्या गल्लीतून जाताना मशीन दाराशी पुसून ठेवलेली दिसली.

मला मागता येत नाही. मला बसता येतं. वीस वर्षं मी एका जागी बसूनच कमावते आहे. बुधवारी दुपारी घुंगरांचा डबा आणि पैंजण पिशवीत घेतले आणि वहिनींच्या घरी गेले. त्यांच्या दारापुढच्या सोप्यात सतरंजीवर बसले आणि कामाला लागले.

"आज इकडं कशी?" वहिनींनी विचारलं.

"उजेड चांगला आहे," मी म्हटलं. तो खरंच चांगला होता.

त्यांना चहा करावा लागला. दारात आलेल्या बाईला चहाशिवाय लावून द्यायची त्यांची हिंमत नव्हती, कारण सोप्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांची सासू बसलेली असते. म्हातारी ऐंशीच्या पुढची, कान तिखट. मी तीन तास बसले, पैशांचं एक अक्षर काढलं नाही आणि घरी आले.

गुरुवारी पुन्हा गेले. पुन्हा चहा. वहिनी आत-बाहेर करत राहिल्या. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय, पैंजणाचा कारखाना हिकडं हलला व्हय?" वहिनी हसल्या. ते हसू मला आवडलं नाही, पण चहा चांगला होता.

शुक्रवारी चहा आला नाही. वहिनी पैसे घेऊन आल्या. "धर," त्या म्हणाल्या. "एकवीसशे पंचेचाळीस हायत. चौघी जेवलो की आपण. तुझा वाटा वजा केलाय."

म्हणजे माझ्याच पैशांतून मला पार्टी. डेअरीवालीचा आणि पार्लरवालीचा वाटा मात्र त्यांनी दिलदारपणे स्वतः उचलला होता. मी मनात हिशेब केला. सात हजार एकशे चाळीस आणि हे, नऊ हजार दोनशे पंचाऐंशी. मशीनला दोनशे पंधरा कमी. शिंपी दोन रुपयेही सोडणारा नव्हता. मी पैसे कनवटीला लावले आणि पुढचा पैंजण घेतला. वहिनी वाट बघत उभ्या राहिल्या. मी उठले नाही. दिवेलागणीपर्यंत बसले.

शनिवारी मी गेले तेव्हा वहिनी आतच होत्या. म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"पोरी, चार दिवस झालं येतीस," ती म्हणाली. "उजेड तुझ्या घरात पडत न्हाय?"

मी पुढची कडी उचलली.

"सुनेनं मला फोटू दाखवलं. नातवाच्या नोकरीची पार्टी दिली म्हणं तिनं. अख्ख्या गल्लीला दाखवलं." म्हातारी पुढे वाकली. "बिल कुणी दिलं?"

आत भांड्यांचा आवाज बंद झाला. पुढ्यातल्या पैंजणाला अकरा घुंगरू लागले होते. बारावा बोटांत होता आणि तो कडीत जात नव्हता.

"मी," मी म्हटलं.

म्हातारीने हाक मारली. तिची हाक कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत गेली असणार, कारण दोन बायका पिठाचे डबे घेऊन दारात थांबल्या. वहिनी बाहेर आल्या.

"नातवाचं तोंड गोड करायला मागून आणलंस व्हय?" सासू म्हणाली. "त्या पोराला कळलं तर काय सांगशील?"

"आत्याबाई, दिलं की कालच."

"सगळं?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी घुंगराकडे. त्या आत गेल्या आणि पर्स घेऊन आल्या. एक पाचशेची नोट, दोन शंभराच्या, एक दहाची आणि पाचाचं नाणं त्यांनी सतरंजीवर ठेवलं. "घे बाई," म्हणाल्या, "एवढ्याशा पैशासाठी."

मी त्यांच्यासमोर, दारातल्या बायकांसमोर, सावकाश मोजले. सातशे पंधरा. कालचे धरून अठ्ठावीसशे साठ, पुरे. शिंप्याची मुदत उद्यापर्यंत होती.